लिफ्ट विकली की बसवली? कोने एलिव्हेटर प्रकरण आणि मजुरीवरचा विक्रीकर

लिफ्ट बनवणारी कंपनी आणि इमारतीचा मालक यांच्यात एक करार होतो, एक रक्कम ठरते आणि काम संपल्यावर इमारतीत चालती लिफ्ट मिळते. या एका रकमेतला मालाचा भाग किती आणि मजुरीचा किती, आणि मुळात असे दोन भाग पाडायचे की नाहीत, या प्रश्नाला 2005 साली देशात एकच उत्तर नव्हते. आंध्र प्रदेशातून आलेल्या, कोने एलिव्हेटर या लिफ्ट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी फेब्रुवारीत सांगितले की हा लिफ्टच्या विक्रीचा व्यवहार आहे आणि कर पूर्ण किमतीवर लागेल. त्याच वर्षी 1 एप्रिलला महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर कायदा लागू झाला आणि त्याखालच्या नियम 58 च्या तक्त्यात लिफ्ट व सरकते जिने बसवण्याच्या कामाला मजुरी व सेवेपोटी 15 टक्के वजावट मिळाली. म्हणजे महाराष्ट्राने लिफ्टला कार्यकंत्राट, म्हणजे माल आणि मजुरी दोन्ही घालून काम करून देण्याचा करार मानले; धंद्यात याला सगळे वर्क्स कॉन्ट्रॅक्टच म्हणतात. एकाच नमुन्याचा करार, तीच लिफ्ट आणि कराचा पाया मात्र राज्यागणिक वेगळा. हा गुंता सुटायला 6 मे 2014 उजाडावे लागले आणि त्यासाठी पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ बसावे लागले.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा व्याख्येचा वाद म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तो त्याहून अधिक हिशेबाचा वाद होता. राज्याला विक्रीवर कर लावता येई, सेवेवर लावता येत नसे, अशी त्या काळी घटनेची मांडणी असताना माल आणि मजुरी एकत्र गुंफलेल्या कामाचा हिशेब कोणी आणि कसा करायचा, हा खरा प्रश्न होता. न्यायालयांनी त्याचा एक भाग सोडवला आणि दुसरा भाग तक्त्यांतील टक्केवारीवर सोपवून दिला.

मागची पार्श्वभूमी

विक्रीकराचा अधिकार प्रांतांना 1935 च्या भारत सरकार कायद्याने मिळाला आणि पुढे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद 54 मध्ये तो कायम राहिला. मद्रास राज्याने इमारत बांधणीच्या कंत्राटातील साहित्यावर कर लावला, तेव्हा गॅनन डंकर्ली कंपनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1958 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की बांधकामाचे कंत्राट एकसंध असते. त्यात विटा-सिमेंट विकण्याचा स्वतंत्र करार नसतो आणि साहित्याची मालकी ग्राहकाकडे जाते ती माल म्हणून जात नाही, इमारतीचा भाग होऊन जाते. 1930 च्या माल विक्री कायद्यातील ‘विक्री’चाच अर्थ घटनेतील नोंदीलाही लागू होतो, असे ठरल्यामुळे कंत्राटदारांच्या कामावर विक्रीकर लावण्याचा राज्यांचा मार्ग सुमारे पंचवीस वर्षे बंद झाला.

या काळात लिफ्टचा प्रश्न मुंबईतच एकदा येऊन गेला होता, ही गोष्ट नंतरच्या गदारोळात मागे पडली. 1969 साली ओटिस एलिव्हेटर कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने लिफ्ट पुरवून बसवून देण्याचा करार हा कार्यकंत्राट ठरवला. 1978 मध्ये महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सेंटिनेल रोलिंग शटर्सच्या प्रकरणात लोखंडी शटरविषयी तसाच निर्णय झाला आणि त्यातील कारणमीमांसा लिफ्टलाही जशीच्या तशी लागू पडणारी होती. शटरचे भाग कारखान्यात तयार होत असले तरी ते जागेवर, दुकानाच्या दाराशी बसवले जाईपर्यंत शटर म्हणून काही अस्तित्वात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. बहुतेक रक्कम माल पोहोचताच देण्याची अट त्या करारात होती आणि विक्रीकर खात्याने तिच्यावर बराच भर दिला होता. न्यायालयाने मात्र ती केवळ पैसे देण्याची सोय मानली; पैसे कधी द्यायचे यावरून व्यवहाराचे स्वरूप ठरत नाही.

1974 मध्ये विधी आयोगाने आपल्या एकसष्टाव्या अहवालात या पेचाचा विचार केला आणि 1982 साली शेहेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. 2 फेब्रुवारी 1983 पासून अनुच्छेद 366 मध्ये खंड 29-क आला. त्याच्या ‘ख’ उपखंडानुसार कार्यकंत्राट पार पाडताना वापरलेल्या मालाची मालकी हस्तांतरित होत असेल, मग ती माल म्हणून होवो वा अन्य रूपात, तर त्या हस्तांतरावरील कर हा विक्रीकरच समजला जाईल. जे कंत्राट वास्तवात एकसंध आहे त्याचे कायद्याच्या नजरेत दोन भाग झाले असे मानायचे, एक मालाच्या विक्रीचा आणि दुसरा मजुरी व सेवेचा, असा या विधिकल्पनेचा अर्थ. 1989 मध्ये बिल्डर्स असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्याच वर्षी महाराष्ट्राने कार्यकंत्राटावरील कराचा आपला कायदा पुन्हा नव्याने केला.

मग मजुरीचा भाग मोजायचा कसा? याचे उत्तर गॅनन डंकर्लीच्याच दुसऱ्या निकालात, राजस्थानच्या प्रकरणात आले. हा निकाल नोव्हेंबर 1992 चा, पण वकिलांच्या बोलण्यात तो 1993 चा म्हणूनच येतो. एकूण कंत्राट रकमेतून कामावरची मजुरी, मजुरीपोटी उपकंत्राटदाराला दिलेली रक्कम, नियोजन, आराखडे व वास्तुविशारदाचे शुल्क, यंत्रे व अवजारांचे भाडे, पाणी, वीज, इंधन यांसारख्या कामात खर्ची पडणाऱ्या वस्तूंचा खर्च, मजुरी व सेवेशी संबंधित आस्थापना खर्च आणि त्या भागावरचा नफा हे सगळे वजा करायचे. उरेल ती मालाची किंमत आणि तिच्यावर कर. कंत्राटदाराने हिशेबाच्या वह्या नीट ठेवल्या नसतील तर राज्याने प्रकारानुसार ठरावीक टक्केवारी लावावी, अशी मुभाही याच निकालाने दिली. नियम 58 चा तक्ता हे या मुभेचेच अपत्य आहे. त्यात इमारती, पूल, रस्ते अशा स्थापत्यकामाला 30 टक्के, संगमरवर व ग्रॅनाइट बसवण्याला 25, रंगकाम व पॉलिशला 20, वातानुकूलन यंत्रे बसवण्याला 10 आणि टायर रिट्रेडिंगला 40 टक्के अशा वजावटी होत्या.

हैदराबादची फाइल

कोने कंपनीचा वाद 1995-96 या वर्षाच्या निर्धारणातून, म्हणजे देय कर ठरवण्याच्या कारवाईतून सुरू झाला. आंध्र प्रदेशच्या विक्रीकर कायद्यात कार्यकंत्राटदारांना कंपोझिशनची, म्हणजे वजावटींच्या तपशिलात न शिरता एकूण रकमेवर कमी दराने कर भरण्याची सोय होती. कंपनीने ती मागितली. निर्धारण अधिकाऱ्याने ती नाकारून लिफ्टची सरळ विक्री झाली असे ठरवले. अपील न्यायाधिकरणाने कंपनीचे म्हणणे मान्य केले, उच्च न्यायालयानेही राज्याचा अर्ज फेटाळला आणि राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले.

17 फेब्रुवारी 2005 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, निकालपत्र न्या. एस. एच. कपाडिया यांचे होते. त्यात भर होता तो करारातील ग्राहकाच्या जबाबदाऱ्यांवर. लिफ्टचा डक्ट, म्हणजे ती ज्यातून वर-खाली जाते ती उभी पोकळी, आणि खालचा खड्डा बांधून देणे, वरची मशीन रूम तयार करणे, वीजजोडणी आणणे, कामासाठी परांची उभारून देणे, हे सर्व ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने करायचे होते. म्हणून कंपनीकडे उरते ती प्रामुख्याने लिफ्ट पुरवण्याची जबाबदारी, असे न्यायालयाने मानले. मुख्य घटक हा लिफ्ट तयार करण्यासाठी वापरलेला माल आहे आणि सुट्या भागांची लिफ्ट करण्यासाठी लागलेले कौशल्य व मजुरी आनुषंगिक आहे, असा निष्कर्ष निघाला.

हा निकाल वाचताना एक गोष्ट खटकते. परांची कोणी बांधली याची यादी लांबलचक आहे, पण त्या परांचीवर चढून कोण काय करतो, हे पुरेशा बारकाईने पाहिलेले दिसत नाही. कंपनीकडून इमारतीवर जे येते ती लिफ्ट नसते. येतात ती खोकी आणि बांधलेले गठ्ठे: केबिन जिच्या आधाराने सरकते त्या टी आकाराच्या गाइड रेल, त्या भिंतीला धरून ठेवणारे ब्रॅकेट, केबिनचा तोल सांभाळणाऱ्या काउंटरवेटची चौकट आणि तिची वजने, पोलादी दोरांची वेटोळी, मोटर, कंट्रोल पॅनेल, केबिनच्या सुट्या भिंती, प्रत्येक मजल्याच्या दाराचे सांगाडे. फिटर प्रथम डक्टच्या माथ्यावरून तळापर्यंत ओळंबे सोडतो, कारण गवंड्याने बांधलेली भिंत काही अगदी सरळ नसते. भिंत कुठे आत, कुठे बाहेर हे पाहून तो प्रत्येक ब्रॅकेट कमीअधिक लांबीवर बसवतो आणि मग रेल एकमेकींना समांतर आणतो. रेलमध्ये जरा फरक राहिला तरी केबिन चालताना हादरते. त्यानंतर केबिनची जुळणी, दोर ओवणे, काउंटरवेटचा तोल, सुरक्षा ब्रेकची चाचणी आणि प्रत्येक मजल्यावर केबिनचा तळ मजल्याच्या फरशीशी जुळवणे. एका इमारतीसाठी जुळवलेल्या रेल आणि दोर शेजारच्या इमारतीत तसेच्या तसे बसतील याचा भरवसा नाही. एवढे झाल्यावर निरीक्षकाची तपासणी होते. मुंबईत 1939 च्या लिफ्ट कायद्यापासून लिफ्ट उभारण्यासाठी परवानगी आणि चालवण्यासाठी परवाना, अशा दोन्ही गोष्टी लागत आल्या आहेत. कारखान्यातून निघालेल्या खोक्यांना परवाना मिळत नाही. तो मिळतो इमारतीत उभ्या राहिलेल्या लिफ्टला.

किती पैशांचा फरक पडत होता

वादाच्या मुळाशी रक्कम असल्यामुळे ती आकड्यांत पाहिलेली बरी. उदाहरणापुरते धरू की लिफ्टचा करार 20 लाख रुपयांचा आहे आणि मालाला त्या काळातील 12.5 टक्के हा सर्वसाधारण दर लागतो. सरळ विक्री मानली तर कर होतो 2,50,000 रुपये. कार्यकंत्राट मानून महाराष्ट्राच्या तक्त्याप्रमाणे 15 टक्के वजावट दिली तर 17 लाखांवर 2,12,500 रुपये. कंपनीने कंपोझिशन निवडले, जे महाराष्ट्रात सर्वसाधारण कार्यकंत्राटाला 8 टक्के होते, तर 1,60,000 रुपये. मात्र यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आक्रसत असे, त्यामुळे हा आकडा दिसतो तितका स्वस्त पडत नसे.

आता यात केंद्राची भर घाला. मालाशी संबंधित कर राज्याचा, सेवेशी संबंधित कर केंद्राचा, आणि दोघांचे दप्तर वेगळे. 2003 पासून यंत्रसामग्री बसवून सुरू करून देण्याच्या सेवेवर सेवाकर आला आणि 1 जून 2007 पासून कार्यकंत्राट हा सेवाकराचा स्वतंत्र प्रकार झाला. 1 मार्च 2008 नंतर सेवाकराच्या कंपोझिशनचा दर 4 टक्के होता, म्हणजे आपल्या उदाहरणात 80,000 रुपये आणि वर उपकर. ज्या राज्यात लिफ्ट ही ‘विक्री’ होती तिथे संपूर्ण 20 लाखांवर राज्याचा कर आणि त्याच रकमेतील मजुरीच्या भागावर केंद्राचा हक्क, असा दुहेरी ताण येत होता. केंद्र म्हणत होते की यात सेवा आहे. राज्य म्हणत होते की यात सेवा अशी नाहीच, असलीच तर नगण्य. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकत नव्हते, पण कर मात्र दोघांनाही हवा होता. 2006 मध्ये भारत संचार निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेवेचे मूल्य विक्रीकराच्या पायात घुसवण्यास राज्यांना मनाई केली होती. लिफ्टबाबत ती मनाई लागू होण्यासाठी आधी तिथे सेवेचा वेगळा भाग आहे हे मान्य व्हायला हवे होते आणि 2005 च्या निकालाने नेमके तेच दार लावून घेतले होते.

आणखी एक पदर राज्यांच्या सीमांचा होता. कारखाना एका राज्यात आणि इमारत दुसऱ्या राज्यात असेल आणि कराराला धरूनच भाग सीमा ओलांडून आले असतील, तर तो आंतरराज्य व्यवहार होई आणि इमारतीच्या राज्याला त्यावर आपला विक्रीकर लावता येत नसे. कार्यकंत्राटालाही हे बंधन लागू आहे, हे 1989 आणि 1993 च्या निकालांनी सांगून ठेवलेले होते. प्रत्यक्षात करार कुठे झाला, माल कोणत्या कागदावर निघाला, मधल्या गोदामात थांबला का, यावर वाद होत राहिले. त्या तपशिलात इथे शिरत नाही.

2005 ते 2014

आंध्रच्या निकालानंतर इतर राज्यांतील अधिकाऱ्यांच्या हाती एक आयते शस्त्र आले. आधी कार्यकंत्राट म्हणून पूर्ण केलेली निर्धारणे पुन्हा उघडण्याच्या नोटिसा निघू लागल्या. कंपनीच्या दृष्टीने पेच असा की ग्राहकाशी रक्कम जुन्या समजुतीने ठरलेली, लिफ्ट कधीच चालू झालेली, आणि फरकाचा कर आता मागायचा तर कोणाकडे? कोने कंपनीने तामिळनाडू सरकारविरुद्ध अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2008 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

मध्यंतरी, 26 सप्टेंबर 2013 रोजी, लार्सन अँड टुब्रो विरुद्ध कर्नाटक या प्रकरणात न्या. आर. एम. लोढा यांच्या पीठाने बांधकाम चालू असताना विकलेल्या सदनिकांबाबत निकाल दिला. 20 जून 2006 ते 31 मार्च 2010 या काळात महाराष्ट्रात सदनिका घेतलेल्यांना बिल्डरकडून आलेली व्हॅटची मागणी आठवत असेल. त्या मागणीचे भवितव्यही याच निकालात ठरले. लिफ्टच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचे विधान हे की घटनादुरुस्तीनंतर कराराचा मुख्य हेतू मालाची विक्री हा होता की काम करून घेणे हा होता, हे तपासण्याची गरज राहिलेली नाही. कार्यकंत्राट असले आणि त्यात मालाची मालकी हस्तांतरित झाली की तेवढ्या मालावर कर लागतो.

घटनापीठाने हेच सूत्र पुढे नेले. सरन्यायाधीश लोढा यांच्यासह चार न्यायमूर्तींचे बहुमत होते आणि निकालपत्र न्या. दीपक मिश्रा यांनी लिहिले. लिफ्टचे भाग वेगवेगळे आणले जातात, इमारतीच्या रचनेनुसार जुळवले जातात, बसवण्यासाठी विशेष कौशल्य व अनुभव लागतो आणि त्यानंतरच लिफ्ट चालती होते, ही वस्तुस्थिती बहुमताने केंद्रस्थानी ठेवली. कराराचे प्रधान स्वरूप कोणते, मालाचा वाटा जास्त की मजुरीचा, या कसोट्या आता लागू नाहीत असे स्पष्ट केले. कार्यकंत्राट या शब्दात सर्व प्रकारची कामे येतात, आणि एकदा कार्यकंत्राटाची लक्षणे दिसली की करारात आणखी कोणत्या जबाबदाऱ्या आहेत यामुळे त्याचे स्वरूप पालटत नाही. काही राज्यांच्या स्वतःच्या नियमांतच लिफ्ट बसवण्याला कार्यकंत्राट म्हणून स्थान आहे, ही बाबही न्यायालयापुढे होती. 2005 चा निकाल अशा रीतीने रद्दबातल झाला.

एक फट मात्र बहुमताने जाणीवपूर्वक ठेवली. लिफ्ट विकत घेण्याचा एक करार आणि ती बसवून घेण्याचा दुसरा, स्वतंत्र करार असेल, तर पहिला विक्रीचा आणि दुसरा मजुरी व सेवेचा ठरेल. कागदावर हे सुटसुटीत वाटते. व्यवहारात एकाच कंपनीने एकाच दिवशी दोन कागदांवर सह्या घेतल्या तर ते दोन करार मानायचे की एकाच कराराचे दोन तुकडे, हा प्रश्न प्रत्येक फाइलमध्ये नव्याने विचारावा लागतो, आणि म्हणूनच कोटेशनचा मसुदा कोणी आणि कोणत्या सल्ल्याने केला याला इतके महत्त्व येते.

न्या. इब्राहिम कलिफुल्ला यांनी असहमती नोंदवली. कराराच्या अटी पाहता कंपनीने मान्य केलेले काम मुख्यतः लिफ्ट पुरवण्याचेच आहे आणि हा विक्रीचाच व्यवहार आहे, असे त्यांचे मत होते. बहुमताचा निर्णय मला योग्य वाटतो, तरी ही असहमती झटकून टाकण्याजोगी नाही. ठरावीक मॉडेलची, ठरावीक क्षमतेची लिफ्ट छापील माहितीपत्रकातून निवडणारा ग्राहक आपण लिफ्ट ‘घेतली’ असेच म्हणतो. लिफ्टचे काम करून घेतले असे क्वचितच म्हणतो. परंतु 1983 नंतर ग्राहकाच्या मनातील हेतूला या प्रश्नात जागाच उरलेली नव्हती. घटनेने ज्या तराजूचे पारडे काढून घेतले होते त्यातच 2005 मध्ये माल आणि मजुरी तोलली गेली, हा त्या निकालाचा मूळ दोष होता.

जे सुटले नाही

घटनापीठापुढे प्रश्न होता तो वर्गाचा, टक्क्याचा नव्हता. कार्यकंत्राट ठरल्यावर मजुरीची वजावट किती, हे पुन्हा राज्याच्या नियमांवर येत होते. हिशेबाच्या वह्या व्यवस्थित ठेवणाऱ्या मोठ्या कंपनीला प्रत्यक्ष खर्चावर वजावट मागता येई. लहान ठेकेदाराला, ज्याची मजुरी रोखीने जाते आणि ज्याचा फिटर आज या इमारतीवर तर उद्या दुसरीकडे असतो, तक्त्यातील 15 टक्क्यांवर समाधान मानावे लागे. त्याच्या कामातील मजुरीचा खरा वाटा, विशेषतः जुन्या इमारतीत जिन्याच्या मधल्या जागेत लिफ्ट बसवताना भिंती तोडून-सांधून जे काम होते त्यात, त्याहून बराच अधिक असू शकतो. वजावट कमी पडली की राज्याचा विक्रीकर मजुरीवर चढत असे. फक्त तो तसा चढलेला बिलात दिसत नसे. ज्या गोष्टीला घटनेची मनाई होती ती तक्त्याच्या एका रकान्यातून घडू शकत होती, आणि तिच्याविरुद्ध कोणी घटनापीठापर्यंत जात नसे, कारण एका लहान ठेकेदाराच्या फरकाची रक्कम वकिलाच्या फीहून कमी असे.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्य व केंद्र यांच्यातली वस्तू-सेवेची वाटणीच संपली. आता कार्यकंत्राट ही कायद्याने सेवा मानली जाते आणि इमारत ज्या राज्यात आहे ते राज्य पुरवठ्याचे ठिकाण ठरते. त्यामुळे मजुरी किती टक्के या प्रश्नाची धार गेली. मात्र नव्या कायद्याने कार्यकंत्राटाची व्याख्या स्थावर मालमत्तेपुरती आखडली. महाराष्ट्राच्या जुन्या तक्त्यातील टायर रिट्रेडिंग, वाहनांची बॉडी बांधणी, कापडाची रंगाई-छपाई यांसारखी कामे तिच्याबाहेर गेली. लिफ्टसाठी प्रश्न उरला तो बसवलेली लिफ्ट स्थावर समजायची की यंत्र, हा. त्यावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळणार की अडणार हे अवलंबून असल्याने सल्लागारांचे काम कमी झालेले नाही.

2014 च्या निकालाचा लाभ नेमका कोणाला मिळाला, हेही पाहण्यासारखे आहे. 2005 च्या निकालाच्या आधारे निर्धारणे पुन्हा उघडण्यासाठी काढलेल्या नोटिसा घटनापीठाने रद्द केल्या. ज्यांचे अपील किंवा पुनरीक्षण प्रलंबित होते त्यांचा निर्णय नव्या निकालानुसार करायचा होता. ज्यांचे निर्धारण अंतिम झाले होते आणि ज्यांनी कोठेही दाद मागितली नव्हती, त्यांच्या फाइली मात्र बंदच राहिल्या. विक्रीकराचा जादा भरणा करून गप्प राहिलेला व्यापारी आणि भरणा करताना ‘हरकत नोंदवून’ असा शेरा मारून अपील दाखल करणारा त्याचा शेजारी, या दोघांनी एकाच वर्षी सारख्याच लिफ्ट बसवल्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याने कार्यकंत्राट पार पाडले आणि पहिल्याने लिफ्ट विकली.